चौकात चेहरा लावण्याआधी

कुठल्याही गावातल्या चौकात उभे राहा आणि मान वर करा. वाढदिवसाचा फ्लेक्स असणारच. मध्ये गॉगल लावलेला मोठा चेहरा, खाली टपाल तिकिटाएवढे शुभेच्छुक, कोपऱ्यात डरकाळी फोडणारा वाघ आणि ‘भावी’ या शब्दापुढे एखादं पद. शेजारी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याच्या पलीकडे क्लासवाल्यांचा फ्लेक्स, दहावीच्या टक्क्यांसकट.

हे फ्लेक्स बनवतं कोण? बहुतेक वेळा विशी-बाविशीतली मुलं. फोटो मोबाइलवर काढतात, मागचं बॅकग्राउंड उडवतात, अक्षरांना सोनेरी कडा देतात, रात्री प्रिंट काढून उजाडायच्या आत बांबूवर चढवतात. फोटो काढणं, मांडणी करणं, छापून घेणं आणि नेमक्या मोक्याच्या जागी लावणं, ही चारही कामं आपल्या मुलांना येतात. ती शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. मात्र एवढ्या मेहनतीनं चौकात चेहरा कोणाचा लागतो, हे एकदा विचारून बघायला हवं.

तुमच्या मंडळाला, कॉलेजच्या एनएसएस गटाला किंवा चार मित्रमैत्रिणींना आपल्याच गल्लीतल्या माणसांचे फोटो काढून त्यांचे पोस्टर भिंतीवर लावावेसे वाटत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, विषय ठरला ‘पहाटेची माणसं’. पाणी सोडणारा, पेपर टाकणारा मुलगा, घंटागाडीवरची बाई, फुलांच्या पुड्या बांधणारी आजी, वडापावच्या गाडीवर पहिला घाणा काढणारा. दहा माणसं, दहा पोस्टर.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवा. फ्लेक्सवर चेहरा स्वतःचा असतो आणि पैसेही स्वतःचेच, म्हणून कोणाला विचारायचा प्रश्न येत नाही. तुमच्या पोस्टरला मात्र तीन मालक आहेत: ज्याचा चेहरा तो, ज्याची भिंत तो, आणि त्या वाटेनं रोज जाणारा. या तिघांना विचारत विचारत काम केलं, की पुढचं सगळं आपोआप जागेवर येतं.

आधी कोणी काय केलं

पॅरिसचा जेआर हा कलाकार १९८३ साली जन्मला. २००४ च्या सुमारास त्यानं पॅरिसबाहेरच्या ले बोस्के या गरीब वसाहतीतल्या पोरांचे फोटो काढायला सुरुवात केली. २००५ मध्ये त्याच भागातून दंगली पेटल्या आणि टीव्हीवर ही पोरं फक्त गुंड म्हणून दिसू लागली. जेआरनं २८ मिलिमीटरची लेन्स घेतली. तिच्यात चेहरा भरायचा तर अगदी जवळ जावं लागतं, म्हणजे समोरच्याचा विश्वास असल्याशिवाय फोटो निघतच नाही. पोरांनी मुद्दाम डोळे वटारले, तोंडं वेंगाडली. ते भलेमोठे काळे-पांढरे चेहरे त्यानं पॅरिसच्या सुखवस्तू वस्त्यांमधल्या भिंतींवर डकवले. आधी परवानगीशिवाय. पुढे हेच काम पॅरिसच्या महापालिकेच्या इमारतीपुढे प्रदर्शन म्हणून लागलं.

२००९ मध्ये तो केनियातल्या नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत गेला. तिथल्या बायकांचे डोळे आणि चेहरे त्यानं घरांच्या पत्र्यांवर पसरले. ते कागदावर न छापता पाणी न झिरपणाऱ्या व्हिनाइलवर छापले, म्हणजे पावसात छप्पर गळणार नाही. २०११ पासून त्याच्या ‘इनसाइड आउट’ या उपक्रमात जगभरचे लोक आपल्या वस्तीतले चेहरे भिंतींवर लावत आले आहेत. मुंबईत २०१७ साली ससून डॉकवर भरलेल्या कलामहोत्सवात याच उपक्रमातून तिथल्या माणसांचे चेहरे गोदीच्या भिंतींवर लागले. ही गोदी १८७५ ची. तिथं पहाटे मासळीचा लिलाव होतो, आणि शहर उठेपर्यंत तो आटोपलेलाही असतो.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. अकोल्याहून आलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य वर्षानुवर्षं टिपलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका फेरीत शंभर फोटो काढून निघून गेलं तर असं काम होत नाही. तुमची पहाटेची माणसं शोधतानाही हे ध्यानात असू द्या.

तिसरं उदाहरण एका पद्धतीचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी गावातल्या बायकांच्याच हाती कॅमेरे दिले. काय टिपायचं ते बायकांनी ठरवलं, मग गटात बसून त्या फोटोंवर बोलल्या आणि तिथून गावच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे गेल्या. या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ म्हणतात. तिचा उपयोग आपल्याला लेखाच्या शेवटी होणार आहे.

विषय लहान ठेवा

‘स्त्रीशक्ती’, ‘पर्यावरण वाचवा’, ‘माझं शहर’ असले विषय भिंतीवर टिकत नाहीत. ते सगळ्यांना मान्य असतात, म्हणूनच त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही. विषय असा घ्या की तो एका गल्लीत आणि दिवसाच्या ठरावीक वेळेत मावेल. ‘पहाटे चार ते सात’ हा विषय आहे. ‘आमच्या एसटी स्टँडवरचे कँटीनवाले’ हा विषय आहे. ‘या रस्त्यावर पंचवीस वर्षांपूर्वी कोणती दुकानं होती’ हाही आहे, आणि त्यात जुने फोटो लोकांच्या घरच्या अल्बममधून मिळतात.

विषय ठरला की आठवडाभर कॅमेरा न काढता हिंडा. एक वही ठेवा. कोण किती वाजता येतो, कुठं बसतो, कोणाशी बोलतो. पाणी सोडणारा माणूस कुठल्या चावीपासून सुरुवात करतो. याच वहीतून पुढे पोस्टरवरचा मजकूर निघेल.

पहिला मालक: ज्याचा चेहरा

परवानगी तोंडी घ्या आणि मग कागदावरही. कागद सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचा. त्यात एवढंच हवं: फोटो कोणत्या भिंतीवर लागणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, नाव लिहायचं का, आणि नको वाटलं तर कोणाला फोन करायचा. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपसाठी वेगळा रकाना ठेवा, ‘हो’ आणि ‘नाही’ असा. गल्लीतल्या भिंतीवर आपला चेहरा लागायला तयार असलेली बाई तोच फोटो मोबाइलवर फिरायला तयार असेलच असं नाही. वाचता न येणाऱ्याला त्याच्या ओळखीच्या माणसासमोर वाचून दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची सही घ्या. पेपर टाकणारा मुलगा शाळकरी असेल तर आधी त्याच्या घरी जा. घरच्यांना नको असेल तर तो चेहरा सोडून द्या.

नावाच्या रकान्यात तीन पर्याय ठेवा: पूर्ण नाव, फक्त पहिलं नाव, नाव नको. आपल्याकडे आडनावावरून जात कळते, आणि जातीवरून काय काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. घंटागाडीवरच्या बाईचा मुलगा कदाचित त्याच गल्लीतल्या शाळेत असेल आणि आई काय काम करते हे त्यानं वर्गात सांगितलेलं नसेल. तुम्ही तिला मोठेपणा द्यायला निघालात, आणि पोस्टर लागल्यावर पोराला वर्गात टोमणे बसले, असं होऊ शकतं. म्हणून तिला स्पष्ट विचारा: “ताई, हा फोटो तुमच्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर लागेल. चालेल का?” ती विचार करून उद्या सांगते म्हणाली तर उद्यापर्यंत थांबा. घरात विचारायचं आहे म्हणाली तरी थांबा. आणि ती एकटी असताना पुन्हा एकदा विचारा, कारण घरच्यांसमोर दिलेला होकार कधी तिचा असतो, कधी घरच्यांचा.

शब्द द्यायचा तर एकच द्या आणि पाळा: “काढा म्हणालात की चोवीस तासांत पोस्टर उतरवू.”

फोटो काढताना

पहाटेची माणसं पहाटेच्या अंधारात टिपू नका. मोबाइल अंधारात फोटो हलवतो, आणि पुसट फोटो मोठा केला की चेहऱ्याची माती होते. काम आटोपल्यावर सात-साडेसातला भेटा. माणसाला सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं करा. दुकानाच्या पत्र्याखालची कड किंवा जिन्याचं दार यासाठी उत्तम. डोक्यावरचं ऊन टाळा, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. फुलवाली आजी खाली बसली असेल तर तुम्हीही बसा. वरून काढलेल्या फोटोत माणूस केविलवाणा दिसतो. मोबाइलची वाइड लेन्स फार जवळून वापरली तर नाक फुगतं, म्हणून नेहमीची लेन्स घ्या आणि चार-पाच फुटांवर उभे राहा. जेआरला वेड्यावाकड्या चेहऱ्यांसाठी रुंद लेन्स हवी होती. तुम्हाला ती तशी हवी आहे का, ते आधी ठरवा.

ब्यूटी मोड बंद करा. बऱ्याच मोबाइलमध्ये तो गुपचूप चालू असतो आणि सावळा रंग उजळवतो, सुरकुत्या पुसतो. आजीच्या सुरकुत्या पुसल्यात तर पोस्टर लावायचं तरी कशाला? पोर्ट्रेट मोडही टाळा, तो पदराची कड आणि पिकलेले केस खातो. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून उजेड चेहऱ्यावर मोजला जाईल असं करा. काळ्या-पांढऱ्या छपाईत सावळा चेहरा हमखास आणखी काळवंडतो, म्हणून फोटो थोडा उजळच ठेवा आणि छापण्याआधी एक ए४ कागद काढून तपासा.

हातात कामाची वस्तू असू द्या: पाण्याच्या चावीचा लांब दांडा, फुलांची परडी, पेपरांचा गठ्ठा. एका माणसाचे तीसेक फोटो काढा, त्यातले बरे पाच त्याला तिथल्या तिथं दाखवा आणि कोणता लावायचा ते त्यालाच निवडू द्या. तुम्हाला कलात्मक वाटलेला फोटो त्याला मुळीच आवडणार नाही, असं बऱ्याचदा होतं. चेहरा त्याचा आहे, तेव्हा निवडही त्याची.

एआयकडून चेहरा दुरुस्त करून घेऊ नका. गल्लीतली माणसं त्या चेहऱ्याला रोज बघतात, बनाव त्यांना लगेच कळतो.

फोटो एकमेकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवलात की तो आकसतो, आणि चार फुटांवर छापल्यावर ठिपक्यांची रांगोळी होते. कोणता फोटो कोणी काढला याची नोंद ठेवा. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो वापरायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा मालक: रस्त्यानं जाणारा

दुसऱ्या मालकाकडे नंतर येऊ, कारण भिंत मागायला जाताना हातात नमुना हवा. आधी वाटसरूचं बघू. दुचाकीवरून जाणारा तुम्हाला फार तर तीन सेकंद देईल. चालत जाणारा कदाचित दहा. दूध घेऊन परतणारी बाई ओळखीचा चेहरा दिसला तर थांबेल. या तिघांसाठी एकच पोस्टर करायचं आहे.

म्हणून पोस्टरवर तीनच गोष्टी: चेहरा, नाव आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य. वाक्य तुम्ही लिहायचं नाही, वहीतून शोधायचं. “स्वच्छतेचे खरे दूत, समाजाचे आधारस्तंभ” ही फ्लेक्सची भाषा झाली. ती वाचून कोणाच्याही मनात काही हलत नाही. त्याऐवजी घंटागाडीवरची बाई सहज बोलून गेली असेल, “ओला-सुका वेगळा दिलात तर माझे हात वाचतात.” किंवा पाणी सोडणारा म्हणाला असेल, “पाणी पाचला येतं, पण आपोआप येत नाही.” अशी वाक्यं मिळतात ती बसून गप्पा मारल्यावर, मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारून नाही. बोली तशीच ठेवा. ‘पानी’ म्हणणाऱ्याचं ‘पाणी’ करायचं का, हेही त्यालाच विचारा. काहींना आपली बोली भिंतीवर बघून आनंद होतो, काहींना वाटतं आपली थट्टा झाली.

अक्षराची उंची ठरवायचा ढोबळ हिशेब असा: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर इंचभर उंच हवं. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे वीस फुटांवरून, दोन इंच. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. वाक्य सात-आठ शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका.

फॉन्ट एकच वापरा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून नीट वाचता येतात. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात का ते बघा, अनेक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाची अक्षरं येतात. आणखी चांगला उपाय म्हणजे हातानं लिहा. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा: कमल शेडगे यांनी हातानं काढलेली शीर्षकं वाचण्याआधीच नाटकाचा स्वभाव सांगायची. तुमच्या गटात बरं अक्षर असलेला कोणीतरी असतोच. आणि पोस्टर हातानं करणं हीही आपली जुनीच रीत आहे. मूकपटांच्या काळात कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवत.

छापखान्यात होणारा घोटाळाही आधीच सांगतो. घरी युनिकोडमध्ये नीट दिसणारा मजकूर डीटीपीवाल्याच्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. उपाय दोन. मजकुराची अक्षरं आकारात बदलून, म्हणजे ‘कर्व्ह’ किंवा ‘आउटलाइन’ करून पीडीएफ द्या. आणि छापण्याआधी दोघांनी मोठ्यानं वाचून तपासा. नाव चुकलेलं पोस्टर कधीही लावू नका. आयुष्यात पहिल्यांदा भिंतीवर लागलेलं आपलं नाव चुकीचं बघणं फार वाईट.

छपाई: फ्लेक्स सोडून

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचं कापड. ते कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो, आणि काम संपल्यावर ते गोठ्याच्या छपरावर नाहीतर नाल्यात जातं. कागद घ्या. जिथं आर्किटेक्ट आणि इंजिनीअर घरांचे नकाशे छापून घेतात, त्या झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर काळी-पांढरी प्लॉटर प्रिंट मिळते. ए० कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे पावणेतीन बाय चार फूट. एका चेहऱ्याला तो पुरतो. फोटोच्या कागदावर रंगीत छापण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. आणि चौकातल्या रंगीबेरंगी गर्दीत काळा-पांढरा चेहरा वेगळा उठून दिसतो.

त्याहून मोठं हवं असेल आणि गावात प्लॉटर नसेल, तर फोटोचे तुकडे करा. आडवे चार, उभे चार असे सोळा ए३ कागद जोडले की सुमारे ३.९ बाय ५.५ फुटांचा चेहरा तयार होतो. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो एवढा मोठा केल्यावर इंचाला साठेक ठिपके उरतात. हातात धरून बघायला ते कमी आहेत, पण दहा फुटांवरून डोळ्याला कळतही नाही. प्रत्येक कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं क्रमांक घाला आणि आधी जमिनीवर मांडून बघा. प्रिंटर चारही बाजूंना पांढरी कड सोडतो, तेव्हा प्रत्येक कागदाची उजवी आणि खालची कड कापून पुढचा कागद त्याच्यावर चढवा.

पैशाचा प्रश्न आला की कोणीतरी म्हणेल, “छपाई माझ्याकडे लागली, खाली फक्त माझा छोटा फोटो टाका.” इथं सावध राहा. तो फोटो पहिल्यांदा छोटा असतो, उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत त्याला पद आणि हात जोडलेली मुद्रा येते. आधीच सांगा: पोस्टरवर फोटो फक्त पहाटेच्या माणसांचे. मदत करणाऱ्यांची नावं शेवटच्या एका कागदावर, सगळी एकाच आकारात, फोटोशिवाय. हे मान्य नसेल तर वर्गणी काढा. दहा ए० प्रिंटचा खर्च दहा-बारा जणांच्या गटाला झेपण्यासारखा असतो.

दुसरा मालक: ज्याची भिंत

महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक नजरेत येणाऱ्या जागी पोस्टर डकवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जेआरची सुरुवातीची हिंमत वाचायला छान वाटते, पण तुमच्या गटात कॉलेजची, नोकरीच्या परीक्षा देणारी मुलं असतील. त्यांच्या नावावर गुन्हा चढवायची काहीच गरज नाही.

सगळ्यात सोपी भिंत खासगी: किराणा दुकानाची बाजू, पिठाची गिरणी, सोसायटीचं कुंपण, शाळेची आतली भिंत. मालकाला नमुना दाखवून, तारखा लिहून, सही घ्या. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निवडणूक आचारसंहिता लागली असेल तर ती संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. विजेचे खांब, रोहित्रं, वाहतुकीच्या पाट्या यांना हात लावायचा नाही. झाडाला खिळा मारायचा नाही. गडकिल्ल्यांच्या, जुन्या देवळांच्या भिंतीवर पोस्टर ही कल्पनासुद्धा नको. बांबूचा सांगाडा उभारून वर काही चढवू नका. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात कोसळलेल्या होर्डिंगखाली १७ जणांचा जीव गेला, ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. तुमचं पोस्टर भिंतीला चिकटलेलं आणि माणसाच्या उंचीवर असावं.

आपल्याकडे तयार जागाही आहेत. गणपतीत मंडळाच्या मांडवाची परवानगी घेतलेलीच असते, तेव्हा मांडवाच्या आतल्या बाजूच्या कनातीवर दहा चेहरे लावले तर दर्शनाच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण ते बघेल. रांगेतल्या माणसाकडे तीन सेकंद नसतात, चांगली दहा मिनिटं असतात. कॉलेजात भित्तिपत्रकाचा फळा आहे, गल्लीत वार्ताफलक आहे. भिंत मिळालीच नाही तर सुतळी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो वाळत घाला. दोन तासांचं प्रदर्शन, संध्याकाळी गुंडाळलं, भिंतीला काही झालं नाही.

चिकटवायला खळ करा. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. चार वाट्या पाणी उकळा, त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर गाळून घ्या. दुसऱ्या दिवसापर्यंत वापरा, पुढे ती आंबते. किडे लागू नयेत म्हणून काही जण खळीत मोरचूद घालतात, तुम्ही घालू नका. ते विष आहे, आणि खळ लावलेला कागद गाई-शेळ्या चाटतात, खातातही.

भिंत आधी झाडून घ्या. भिंतीला खळ लावा, कागद वरून खाली सोडत बसवा, ब्रश मधून कडांकडे फिरवत हवा काढा, मग वरूनही एक पातळ हात द्या. ऑइलपेंटच्या किंवा गुळगुळीत भिंतीवर कागद बसतो आणि सहज निघतोही. चुन्याच्या भिंतीवरून काढताना रंगाचे पापुद्रे निघतात, तेव्हा तिथं पुठ्ठ्यावर चिकटवून पुठ्ठा टांगलेला बरा. जून ते सप्टेंबर उघड्यावर कागद लावण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने सगळ्यात चांगले.

लावल्यानंतर

उद्घाटनाची वेळ पाहुण्यांच्या सोयीनं ठरवू नका. तुमची माणसं पहाटेची आहेत, संध्याकाळी सातला ती थकलेली असतात. सकाळी आठला करा, चहा आणि वडापाव गाडीवाल्याकडूनच घ्या, आणि त्याचे पैसे द्या. फीत कापायला कोणी नको. ज्याचं पोस्टर, त्यानं आपल्या पोस्टरशेजारी उभं राहायचं. तिथं जे बोलणं निघेल ते वहीत उतरवा.

पहिले दोन-तीन दिवस गटातल्या एकानं रोज अर्धा तास समोर बसून बघायचं. कोण थांबतं, काय वाचतं, काय बोलतं. एखाद्या पोस्टरला कोणीतरी मिशा काढेल, कोपरा फाडेल. भांडत बसू नका, जादा प्रत आधीच छापून ठेवा, ती लावा. पण बाईच्या पोस्टरवर कोणी घाण लिहिलं तर ते तासाभरात उतरवा, मग तिला सांगा आणि पुन्हा लावायचं का ते विचारा.

तारीख आली की स्वतः काढा. कोमट पाण्याचा स्पंज, पत्र्याची पट्टी, बादली. मालकाला भिंत आधी होती तशी दाखवून कागदावर सही घ्या. तीच भिंत तुम्हाला पुढच्या वर्षीही हवी आहे. फ्लेक्सवाले आपला फ्लेक्स उतरवायला कधी येत नाहीत, म्हणून त्यांच्या नावानं लोक बोटं मोडतात. भिंतीवरचा कागद फाटणारच, तेव्हा ज्याचा त्याचा फोटो वेगळा छापून, फ्रेम करून त्याच्या घरी नेऊन द्या. हा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा.

आता युन्नानमधल्या बायकांची ती पद्धत. दहाही जणांना एकदा एकत्र बसवा, फोटो मांडा आणि विचारा: यात काय राहून गेलं? पाणी सोडणारा सांगेल की चावी फिरवायला तो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि अंधारात गाड्या अंगावर येतात. घंटागाडीवरची बाई हातमोज्यांबद्दल सांगेल. हे सगळं लिहून एका पानाचा अर्ज करा आणि त्यांच्याच सहीनं वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत द्या.

मग पुढच्या वेळेसाठी मोबाइल त्यांच्याकडे द्या आणि विचारा, “आता कोणाचा काढायचा?” पाणी सोडणारा माणूस ज्याचं नाव घेईल, ते बहुधा तुमच्या वहीत नसेल. दुसऱ्या फेरीची सुरुवात तिथून करा.